बांध कोरणारा टीव्ही

“उत्तरंची वाटी आदी घे,” असं मला जेवताना सांगणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही पाहिलेला नाही. परभणीहून पुण्याला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. हिंजवडीत नोकरी लागली होती, मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर झोपून पाठीची वाट लागली होती, म्हणून सूस गावात खोली बघायला गेले होते. घरमालक जेवायला बसलेले. त्यांनी मलाही बसवलं, काकूंनी ताट वाढलं, आणि माझ्यापुढे दोन वाट्या आल्या. “उत्तरंची आमटी हाय, दक्षिणंची कढी. आदी उत्तरंची घे.” मी दोन्ही वाट्यांकडे नुसती बघत राहिले. आमच्या घरी वाट्यांना डावी-उजवी एवढंच ठाऊक होतं. काकू हळूच म्हणाल्या, “खिडकीकडची ती उत्तर. हुईल सवय.”

सवय झाली. इतकी की पुढे ऑफिसात मी एकदा साहेबांना ‘तुमच्या पश्चिमेचा पेन द्या’ म्हणाले आणि दिवसभर सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

सगळं गाव त्यांना साखळीआण्णा म्हणायचं. तोंडावर नुसतं आण्णा. मोजणी खात्यात त्यांची उभी हयात गेली होती. मुळशी तालुक्यातला एकही बांध असा नसेल की ज्यावरून ते तेहतीस फुटी साखळी ओढत गेले नव्हते. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी म्हणे स्वतःसाठी बाजारातून नवी साखळी आणली, आणि ती ओसरीवर खुंटीला टांगली. लोक देवाचा फोटो लावतात तिथं. काकू तिला रोज फडकं मारायच्या आणि पुटपुटायच्या, “हिचं येवडं करती, पन ही काय पावत न्हाई.”

खोलीचा करार त्यांनी स्वतः लिहिला. त्यात माझ्या दहा बाय बाराच्या खोलीची चतुःसीमा होती. पूर्वेस पाण्याची टाकी, पश्चिमेस जिना, उत्तरेस मोकळी हवा, दक्षिणेस चिंचेची फांदी, आणि खाली घरमालक. मी हसले तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “हसू नका. खाली कोन हाय ते लिव्हलेलं बरं असतंय.” आण्णा रागावले की ‘तुम्ही’वर जायचे. एरवी मी ‘पोरी’ किंवा ‘इंजिनेर’. ‘तुमी’ ऐकू आलं की समजायचं, आपली काहीतरी चूक झाली.

ओसरीवर चपला काढायच्या जागेला चुन्याची चौकट होती. एखाद्या पाहुण्याची चप्पल चार बोटं बाहेर राहिली तर आण्णा बोलता बोलता काठीनं ती आत सरकवायचे, पाहुण्याकडे न बघता. कासार आंबोलीला जायला किती वेळ लागतो असं विचारल्यावर कुणी “लई न्हाई” म्हणालं की त्यांना खरोखर त्रास व्हायचा. “लई न्हाई म्हंजी किती? अंदाजानं बोलून मानसं एकमेकांच्या डोक्यात फावडी घालत्यात, मी बगितलंय,” असं म्हणायचे. ते खरंच होतं. बांधावरची भांडणं मिटवण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली होती.

माझं काम काय ते त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं. मी सांगितलं, दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढायच्या. ते खूश झाले. “म्हंजी तू बी मोजणीदारच की! दुसऱ्यानं घातलेली हद्द बराबर हाय का बगायची.” त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

आता त्यांच्या वह्यांबद्दल सांगते. कोळवणच्या खोऱ्यात भाताची खाचरं असतात, डोंगरउतारावर बांध घालून केलेले लहान लहान तुकडे. सरकारी कागदावर त्यांना गट नंबर असतो. पण गावात प्रत्येक खाचराला नाव असतं. मोजणी करताना आण्णा शेतकऱ्याला ते नाव विचारायचे आणि स्वतःच्या वहीत समासात पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. फॉर्मात नावाचा रकाना नव्हता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. वडाखालचं, लांबट, ढवळ्याचं, भांडणाचं, सवतीचं. एक ‘रुसलेलं’ होतं. त्यात कितीही पाऊस झाला तरी पाणी ठरत नसे.

मी राहायला गेले तेव्हा कोळवणला शहरातले लोक जमिनी घेऊ लागले होते. खाचरं बुजवून हिरवळ करायचे, जीपा यायच्या, फाटकं बसायची. आण्णांना विकणाऱ्यांचा राग नव्हता आणि घेणाऱ्यांचाही नव्हता. “जमीन हाय, हात बदलनारच,” म्हणायचे. “पन खाचर बुजवलं की नाव बी बुजतंय. नंबराला काय, त्यो कागदावर ऱ्हातोय.” म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी सगळ्या खोऱ्याचा एक मोठा नकाशा सहा ट्रेसिंग कागदांवर काढला होता. चार वर्षं लागली. हद्दी सगळ्या काढून झाल्या आणि नावं भरायची वेळ आली, तेव्हा डोळ्यांनी दगा दिला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडद्याचा मधला भाग खराब होत चाललाय, चष्म्यानं काही होणार नाही, आणि हे हळूहळू वाढत जाईल. आण्णा घरी आले आणि मला जिन्यावर गाठून म्हणाले, “डोळ्याच्या पडद्यात मधोमद पड जमीन हाय म्हनत्यात. दर साली बांध सरकनार.” मग वळता वळता, “किती साल ते मातुर त्यांनी अंदाजानं सांगितलं.”

वह्यांमधली पेन्सिल फिकी पडली होती. अक्षर जुन्या मोडी वळणाचं, मला एका ओळीत दोन शब्द लागायचे. आण्णांना तेवढेही दिसत नव्हते. पण त्यांचं म्हणणं, वहीची गरजच नाही. खाचराचा आकार डोळ्याला दिसला की नाव आपोआप तोंडात येतं. आकार मात्र दिसला पाहिजे. भिंगानं कागद बघायला गेले तर एका वेळी अर्धं खाचर दिसायचं, आणि अर्ध्या खाचराला नाव येत नसे. मी नकाशे ब्लू प्रिंट काढणाऱ्या दुकानातून स्कॅन करून आणले, एक जुना कॉम्प्युटर मिळवून दिला. पंधरा इंची मॉनिटरला आण्णांचं नाक टेकायला लागलं. काचेवर रोज नाकाचा ठिपका असायचा, काकू तोही पुसायच्या.

मग माझ्या तोंडून गेलं. ऑफिसात मीटिंगच्या खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही होता, त्याला लॅपटॉप जोडून आम्ही एकमेकांच्या चुका मोठ्या करून बघायचो.

“टीव्हीला कॉम्पुटर जोडता येतोय?”

“येतो.”

“मग चल.”

“कुठं?”

“टीव्ही आनायला. सुट्टी हाय न्हवं तुला?”

बाणेरच्या बाजूला नवीनच काचेचं दुकान झालं होतं. आण्णा धोतर, टोपी आणि खिशात मोजपट्टी अशा थाटात आत शिरले. विकणाऱ्या मुलानं सांगितलं, हा चाळीस इंची. आण्णांनी पट्टी काढली आणि टीव्हीला लावली. “लांबी पस्तीस. उंची साडेएकोनीस. चाळीस कुटं हाय?”

“सर, डायगोनल असतं ते. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.”

“म्हंजी कर्न!” आण्णा माझ्याकडे वळले. “पोरी, कर्न सांगून माल इकत्यात. उद्या जमीन बी कर्नावर इकतील.” त्यांनी तिथंच कागद घेऊन गुणाकार केला. “पावनेपाच चौरस फूट हाय. बिलावर तसं लिव्हा.”

मुलानं दुसरा टीव्ही दाखवला. तो ‘एचडी रेडी’ आहे, दिसायला सारखाच, असं तो म्हणाला. आण्णांनी विचारलं, “रेडी म्हंजी तयार हाय, का तयार हुनार हाय?” मुलानं माझ्याकडे बघितलं. मी समजावलं की त्यात ठिपके कमी असतात आणि बारीक रेघ फिसकटते, नकाशाला ‘फुल एचडी’च लागेल. आडवे एकोणीसशे वीस ठिपके, उभे एक हजार ऐंशी. आण्णांनी तोही गुणाकार केला. वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. शेवटी बिलाच्या पाठीवर त्या बिचाऱ्या मुलानं लिहून दिलं, ‘पावणेपाच चौ. फूट, ठिपके २०,७३,६००’, आणि खाली सही केली. आण्णांनी तो कागद शेवटपर्यंत जपला.

टीव्ही पूर्वेच्या भिंतीला लागला. समोर आण्णांच्या खुर्चीच्या चार पायांना फरशीवर चुन्याच्या चार खुणा. कॉम्प्युटरच्या पाठीतून टीव्हीच्या पाठीत जाणारी जाड काळी वायर होती, तिचं नाव अर्थातच साखळी पडलं. माऊसचा बाण म्हणजे उंदीर. मी जोडणी केली, नकाशा उघडला, आणि आण्णांनी खुर्चीतूनच पडद्याकडे हात लांब केला. मग म्हणाले, “ते बग. लांबट. समदंच्या समदं दिसतंय.” मी उगाच वायर नीट करत बसले.

पडद्याच्या खाली जी निळी पट्टी असते ती त्यांना सहन होईना. “ही कुनाची जागा? हिनं अतिक्रमन केलंय.” म्हणून आम्ही नकाशा कायम पूर्ण पडद्यावर उघडायचो, पट्टी दिसायचीच नाही. जाता जाता एक कबूल करून टाकते. त्या निळ्या पट्टीतल्या स्टार्टच्या बटणाचा खालचा भाग कापला जातोय, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. चुका शोधायचा पगार घेणारी मी. पण म्हटलं टीव्ही आहे, चालायचंच. ऑफिसात कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याला सोलून काढलं असतं.

दर रविवारी सकाळी आमचं काम चालायचं. आण्णा खुर्चीवर, मी खाली कीबोर्ड घेऊन. “उंदीर दोन गुंठे पूर्वंला घे. आता वर उत्तरंला. थांब. हे कोल्ह्याची वळ. लिव्ह.” मी त्या जागी नाव टाइप करायचे. मध्येच एखाद्या खाचरापाशी ते थांबायचे आणि त्याची कुळकथा सांगायचे. भांडणाच्या खाचरात दोघं भाऊ पंधरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते आणि आण्णांनी मोजणी केली तर बांध जागच्या जागीच निघाला. “मग काय केलं त्यांनी?” मी विचारलं. “काय करत्यात. मिळून मला शिव्या दिल्या. तितनं बोलायला लागली.”

काकू स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून तांदूळ निवडायच्या. त्यांचा या कामाशी संबंध एवढाच की साडेसात ते नऊ टीव्ही त्यांचा. तसा ठरावच झाला होता. आण्णांच्या भाषेत ती त्यांची वहिवाट. मालिका संपली की त्या थोडा वेळ बातम्या बघायच्या, म्हणजे खालून सरकणारी पट्टी वाचायच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, वाचायची हौस दांडगी. टीव्ही आल्यावर दोन-तीन दिवसांतच त्या म्हणाल्या होत्या, “अवो, ह्या टीव्हीत समद्यांचे उकार कापल्यात. पुण्याचं पणे लिव्हलंय. मुंबईचं मंबई.”

“ते बातम्यावाले अडानी,” आण्णा म्हणाले.

“समदेच अडानी? आपल्या गावाचं बी सस केलंय.”

“चौथी शिकलीस न्हवं तू? गप वाच.”

त्यावर काकू सस, पणे, मंबई वाचत राहिल्या. मीही हसले होते. ते हसणं आठवलं की आता लाज वाटते.

सहाही कागद पुरे व्हायला सात-आठ महिने लागले. शेवटच्या रविवारी आण्णांनी मला यादी मोजायला लावली. तीनशे शहाण्णव. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी स्वतः लाल शाईनं मोठ्या अंकात लिहून ठेवलं होतं, चारशे बारा. मी पुन्हा मोजली. तीनशे शहाण्णवच. “सोळा,” आण्णा म्हणाले. “साखळीत सोळा भाग असत्यात, सोळा आनं. पुरी साखळी गेली.” मला नंतर दोन रविवार ऑफिसला जावं लागलं, प्रोग्रॅम गिऱ्हाइकाला द्यायचा होता. मला वाटलं, सापडतील.

तिसऱ्या रविवारी खाली गेले तर टीव्हीवर कोयऱ्या भरलेला मेजपोस घातलेला. काकूंनीसुद्धा पंधरा दिवस मालिका बघितली नव्हती. आण्णा खुणेवरच्या खुर्चीत बसले होते, हात मांडीवर.

“बसा,” ते म्हणाले.

‘बसा’ ऐकून मी कीबोर्डला हात न लावता खाली बसले.

“तुमी लई कष्ट घेतले. पन आता ती यादी पुसून टाका. नकाशा बी पुसा.”

“का पण आण्णा? चारशे बारात सोळाच तर कमी आहेत.”

“डोळ्यानं सोळा खाचरं गिळली. मला म्हाईत हायेत, नावं सुदिक तोंडात हायेत, पन कुटं हायेत ते दिसंना. आनि जी सोळा गिळली ती कळली. बाकीच्यांत काय इकडचं तिकडं केलं आसंल ते कुनी बगितलंय? आर्धी मोजनी म्हंजी खोटी मोजनी. उद्या कोन म्हनंल साखळीआण्णानं लिव्हलंय, आनि ते चुकीचं आसंल. नगं. पुसा.”

मी मेजपोस काढला, कॉम्प्युटर लावला. एवढ्या महिन्यांचे रविवार, आणि त्याहून जास्त त्यांची चाळीस वर्षं त्या फायलीत होती. मी उगाच वेळ काढत होते. तेवढ्यात काकू पाटावरून उठून आल्या. कधी नव्हे ते टीव्हीच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या.

“पुसायच्या आदी मला माजं पाळण्याचं दाव.”

पाळण्याचं हे काकूंच्या माहेरच्या खाचराचं नाव. त्यांची आई भात लावताना बांधावरच्या उंबराला झोळी बांधायची आणि त्या झोळीत काकू असायच्या. मी पाचवा कागद उघडला. तळाला ओढा वळत गेला होता, ओढ्याच्या काठाला पाळण्याचं असायला हवं होतं. मी वर बघितलं, खाली बघितलं, नकाशा मोठा केला, तळापर्यंत ओढला. ओढ्याची एकच कड दिसत होती. दुसरी नव्हती.

“तेच ग,” आण्णा म्हणाले. “त्या सोळातलंच एक ते. गेलं.”

“पण आण्णा,” मी म्हटलं, “मलाही दिसत नाहीये.”

आण्णांनी मान वळवली. माझे डोळे तर चांगले धडधाकट होते.

“तुमा दोगांच्या बी डोळ्याला काय झालेलं न्हाई,” काकू म्हणाल्या. “ह्यो टीव्हीच खातोय. मी काय बोंबलत व्हते? उकार खातोय तसं माजं खाचर खाल्लं ह्यानं.”

मी कपाळावर हात मारून घेतला. अर्धं कापलेलं स्टार्टचं बटण डोळ्यापुढं आलं. टीव्ही मुळात चित्र थोडं फुगवून दाखवतात आणि चारी बाजूंच्या कडा चौकटीमागे ढकलतात. सिनेमात कुणाला कळत नाही. नकाशात मात्र प्रत्येक कागदाच्या कडेची खाचरं जातात, आणि आमचे तर सहा कागद होते. मी रिमोट घेतला, चित्राच्या आकाराचे पर्याय एकेक करून बघितले. एक होता, त्याचा अर्थ एवढाच की आहे तसं दाखव. तो दाबला.

चित्र आक्रसलं. खालून ओढ्याची दुसरी कड वर आली, तिच्या काठानं उंबराची खूण आली, आणि खुणेला चिकटून एक लहानसं, एका बाजूनं गोलाकार खाचर.

“आयला!” आण्णा खुर्चीतून उठले. “बांध कोरला की ह्यानं!”

बांध कोरणं म्हणजे शेजाऱ्याच्या शेताची कड दरवर्षी नांगरानं थोडी थोडी आपल्यात ओढणं. आण्णांनी आयुष्यभर तेच पकडलं होतं. त्यांच्या पूर्वेच्या भिंतीवर, त्यांच्या नाकासमोर एक टीव्ही आठ महिने चारी बाजूंनी बांध कोरत होता. “बिलावर वीस लाख ठिपके लिव्हून दिलं, आनि कडंचे सोताच खातोय!” ते ओरडत होते, पट्टी घेऊन टीव्ही मोजत होते, आणि हसत होते. मग एकदम खाली बसले, टोपी काढून तोंडावर धरली. “डोळ्यानं न्हाई गिळलं,” ते टोपीतून म्हणाले. “डोळा अजून खरा हाय.”

काकू पडद्यावरच्या खाचरावर बोट ठेवून उभ्या होत्या. “हितं मी साखळीचं टोक धरून उबी व्हते,” मला म्हणाल्या. “माजं आबा म्हनलं, मोजनीवाला आलाय, गडी न्हाई, तू धर. ह्यांनी इचारलं नंबर काय. मी म्हनलं नंबर म्हाईत न्हाई, पाळण्याचं म्हनत्यात. तर ह्यांनी ते लिव्हून घेतलं. मला वाटलं, येडा हाय का काय.”

“त्याच्या आदी मी नावं लिव्हत न्हवतो,” आण्णा म्हणाले. एवढंच म्हणाले.

त्याच दुपारी त्यांनी मला एक पंचनामा सांगितला आणि मी लिहून घेतला. तो मला अजून पाठ आहे. ‘मौजे सूस येथील राहते घरी पूर्वेकडील भिंतीस असलेला टीव्ही हा नकाशाचे चारही बाजूंनी बांध कोरीत असल्याचे समक्ष आढळून आले. सदरची बाब पंच क्रमांक एक यांनी वेळोवेळी निदर्शनास आणली असता त्यांचे म्हणण्याकडे दुर्लक्ष करण्यात आले. ते चुकीचे होते.’ पंच क्रमांक एक म्हणून काकूंनी सही केली. सावकाश, एकेक अक्षर काढत, नावातल्या उकाराला जरा जास्तच खाली ओढून.

सोळाच्या सोळा खाचरं कडांना सापडली. चारशे बारा पुरी झाली. मी यादी छापून आणली. कोळवणचं कुणीही भेटलं, विकणारं किंवा घेणारं, की आण्णा त्याला त्याच्या जागेचं नाव सांगायचे. एका शहरी गृहस्थांनी तर फाटकावर पाटीच लावली, ‘रुसलेलं’. त्यांच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचं काय होत असेल ते असो, पण आण्णा त्या पाटीवर महिनाभर खूश होते.

पुढची दोन वर्षं डोळ्यांतला बांध सरकतच राहिला. मधलं सगळं गेलं. माणसाकडे बघितलं तर चेहऱ्याच्या जागी करडा डाग, आणि आजूबाजूला भिंत, दार, खिडकी सगळं शाबूत. “टीव्ही कडा खायाचा, ह्यो मधलं खातोय,” एवढं एकदा म्हणाले आणि विषय बदलला. मला जिन्यातच रडू आलं होतं.

दोन हजार दहा साली मला बंगळूरला नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी सकाळी किल्ली द्यायला खाली गेले, तर पहिलं लक्ष गेलं ते खुर्चीकडे. चारी पाय चुन्याच्या खुणांवरून हलले होते. खुर्ची टीव्हीकडे नव्हतीच, स्वयंपाकघराच्या दाराकडे होती. टीव्हीवर पाचवा कागद उघडलेला, आणि आण्णा त्याच्याकडे कानाची बाजू करून थेट काकूंच्या दिशेनं बघत बसले होते.

“बगितलंस?” काकू म्हणाल्या. “लगीन झाल्यापासनं पयल्यांदा माज्याकडं तोंड करून बसल्यात.”

“तुज्याकडं तोंड केलं की कडंनं नकाशा दिसतोय,” आण्णा म्हणाले. “तू न्हाई दिसत.”

तिघंही हसलो. आण्णांनी मला तिरक्या नजरेनं पाळण्याचं कुठं आहे ते बोट न चुकता दाखवलं. मग मी कॉम्प्युटर बंद केला, टीव्ही बंद केला, रिमोट त्याच्यासाठी आखलेल्या चौकटीत ठेवला. दोघांच्या पाया पडले. “बंगळूर कंच्या बाजूला?” त्यांनी विचारलं. मी विचार करून दक्षिण सांगितलं. “अंदाजानं न्हवं ना?” म्हणाले.

चपला घालून फाटकापर्यंत गेले, तेव्हा आठवलं की किल्ली अजून माझ्या हातातच आहे. परत फिरले. ओसरीवरून आत बघितलं तर आण्णांनी खुर्ची पुन्हा पूर्वेला फिरवली होती, आणि त्या काळ्या, बंद टीव्हीकडे टक लावून बसले होते.

“आण्णा, नकाशा परत लावून देऊ का?”

“नगं,” मान न वळवता ते म्हणाले. “टीव्ही बगत न्हाई मी. हितं तोंड केलं की ती दिसती.”

दारात काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, फक्त डोक्यावरचा पदर सारखा केला.